दोराचं खालचं टोक

भिसेगाव, कर्जत
दि. १७ डिसेंबर २०२४

ती. दादास,
दीक्षाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्रास कारण तुला ठाऊक आहे, तरी आण्णांचा हुकूम आहे की पहिल्यापासून लिहायचं. रविवारी मी कडावला ओटीवर बसून तुला फोन केला आणि आपण दोघं जे काही भांडलो ते आईने ऐकलं. तिने आण्णांना सांगितलं, आणि आण्णांनी उभ्या उभ्या आपल्या दोघांना 'कडाव परिवार' या ग्रुपमधून काढून टाकलं. तीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला ॲडमिन केलं की असं होतं. निघताना त्यांनी माझ्या हातात पाच आंतरदेशीय पत्रं ठेवली आणि सांगितलं की भांडायचं ते कागदावर भांडा, एक रात्र झोपल्याशिवाय उत्तर लिहू नका, आणि मिटेपर्यंत एकमेकांना फोन नाही. तुझी पाच पोचली असतीलच. आई म्हणत होती की तुमी दोघं काय ल्हान हाव का आता. मी म्हटलं, मी नाही, तो आहे.

आता मुद्दा. ढाकच्या कड्याचा बेत गेल्या थंडीत ठरला. गिर्यारोहण क्लबच्या पोपटदादांसमोर तू तोंडाने म्हणाला होतास की पुढच्या हिवाळ्यात कड्याच्या या भेगेत दीक्षा पुढे चढेल आणि मी खाली उभा राहून दोर धरीन. मी अठरा वर्षांची होते तेव्हा तुझ्या मित्रांना रविवारी झोपा काढायच्या असायच्या म्हणून तू मला दोर धरायला नेलंस. त्याला दहा वर्षं झाली. दहा वर्षं तू वर आणि मी खाली. तुझ्या बुटांचे तळवे मला तोंडपाठ आहेत. वर बघून बघून माझी मान डावीकडे दुखते ती आता म्हातारपणापर्यंत दुखणार. एकदा, फक्त एकदा मला दोराच्या वरच्या टोकाला जायचं होतं. त्यासाठी जूनपासून मी दाराच्या चौकटीला बोटांनी लटकते आहे. जगदीश म्हणतात की एक दिवस चौकट हातात येईल आणि घरमालक आपल्याला बाहेर काढील.

शुक्रवारी तुझा निरोप आला की कड्यावर आग्या मोहोळ बसलंय, बेत बदलला, आता ढाक नाही, सोंडाई. आणि रविवार नाही, शनिवार. मधमाश्यांवर माझा राग नाही. पण तो रविवार मिळवायला मी दिवाळीचे दोन दिवस दवाखान्यात काढले होते, आणि शनिवारी माझी सकाळची ड्युटी आहे हे तुला चांगलं माहीत होतं. तरी मी म्हटलं जाऊ दे, सोंडाई म्हणजे शिड्यांचा गड, नुसती सहलच ती. आणि दुपारी ग्रुपवर तुझा फोटो आला. हेल्मेट, कमरेला हार्नेस, दोर, आणि तू शिडीशेजारच्या कातळावर. म्हणजे चढाई झाली. माझ्याशिवाय झाली. आईकडून कळलं की दोर भाग्यश्री वहिनींनी धरला.

कागदावर खोटं लिहवत नाही म्हणून लिहिते. मी जळले. वहिनी चांगल्या आहेत, त्यांच्या हातची जवळ्याची चटणी मी बोटं चाटून खाते. पण लग्नाला तीन वर्षं झाली, त्यांनी कधी डोंगराकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, आणि नेमक्या त्या शनिवारी त्यांना दोर? तोही माझा लाल हार्नेस घालून? तो मी पहिल्या पगारातून घेतला होता. तुमच्याकडे ठेवला होता तो सोयीसाठी, आंदण म्हणून नाही.

मला एवढंच सांग, माझी चढाई होणार की नाही. बाकी माया तुझ्याकडे जमा आहे, ती वापरायची की नाही ते उत्तर वाचून ठरवीन.
तुझी,
दीक्षा


साजगाव, खोपोली
दि. २१ डिसेंबर २०२४

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

पत्र काल मिळालं. आमचा सखा पोस्टमन ते घेऊन थेट जिना चढून वर आला आणि हळू आवाजात विचारू लागला की घरात सगळी बरी हायेत ना. हल्ली हाताने लिहिलेलं पत्र म्हटलं की त्याला आधी धस्सच होतं. मी सांगितलं की बहीण भांडते आहे. तो म्हणाला की मग ठीक हाय. नियमाप्रमाणे एक रात्र झोपलो आणि आता सेकंड शिफ्टला जायच्या आधी लिहितो आहे. हात जरा दुखतोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

तू तर राईचा पर्वत केलास. सोंडाईचा तो कातळ जेमतेम साठ फूट. मी पुढे गेलो, भाग्यश्रीने खालून दोर धरला, दहा मिनिटांत वर. एवढीच ती चढाई. तिला मीच घरी खिडकीच्या गजाला दोर बांधून आठ दिवस शिकवलं होतं. वर गेल्यावर तांदळाच्या भाकऱ्या आणि तुला आवडते ती चटणी खाल्ली, आणि उन्हं कलायच्या आत खाली. वालाच्या शेंगा अजून भरल्या नाहीत म्हणून मडक्यातली पोपटी लावली नाही, ती तुझ्यासाठी राखून ठेवली आहे असं समज. तारखेचं म्हणशील तर क्लबात पुण्याची माणसं होती, त्यांच्या सोयीने शनिवार झाला. त्यात माझा काय दोष?

तुझं जळणं जुनंच आहे. चौथीत मला स्कॉलरशिप मिळाली आणि आण्णांनी घड्याळ घेतलं, तेव्हा तू आठवडाभर पेनाने मनगटावर घड्याळ काढून फिरत होतीस, आणि कोणी वेळ विचारली तर सांगतही होतीस. आई अजून पाहुण्यांना सांगते. आता तू एका दवाखान्यातली सिस्टर आहेस, लोकांना इंजेक्शनं टोचतेस. थोडं मोठं व्हावं माणसाने.

ढाकचं म्हणशील तर मोहोळ कधी उठेल ते सांगता येत नाही. यंदा राहू द्यावं असं मला वाटतं. कंपनीत कामही फार आहे. तुझी चढाई कुठे पळून जात नाही, डोंगर तिथेच आहेत. हार्नेस धुऊन ठेवला आहे.

जगदीशरावांना जय भीम सांग. राग चार दिवस ठेव, मग खाली ठेव.
तुझा,
कपिलदादा


भिसेगाव
दि. २५ डिसेंबर २०२४

दादास,
जय भीम.

'ती.' लिहिलेलं नाही, ते मुद्दामच.

तुझं पत्र वाचून मी गप्प बसणार होते. पण तू लिहिलंस की मी पुढे गेलो, दहा मिनिटांत वर, आणि माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं. तुझा तो फोटो अजून फोनमध्ये आहे. मी तो मोठा करून पाहिला. दहा वर्षं खाली उभी राहिलेली बाई आहे मी, दादा. जो पुढे चढतो त्याचा दोर त्याच्या कमरेपासून खाली येतो, धरणाऱ्याच्या हातात. तुझा दोर वर गेलाय. ताठ, सरळ वर. म्हणजे तुझ्या आधी कोणीतरी माथ्यावर पोचलं होतं आणि तिथून तुला सांभाळत होतं. पुढे जाणाऱ्याचा नव्हे, मागून येणाऱ्याचा फोटो आहे तो.

मग मी क्लबातल्या इल्माकडून त्या दिवसाचे सगळे फोटो मागवले. तिला बिचारीला काय माहीत, तिने चाळीस पाठवले. एकात वहिनी कड्याच्या टोकाला बसल्यात, पाय दगडाला टेकवून, माझा लाल हार्नेस, हातात दोर, मागे मोरबे धरणाचं पाणी. हसतही नाहीत. जसं काही जन्मभर तेच काम केलंय. पोपटदादांना फोन करून विचारलं तर ते म्हणाले की मला काय इचारतंस गं, तुझ्या भावाला इचार, आणि फोन ठेवला. पोपटदादा कधी फोन ठेवत नाहीत, त्यांचा फोन आपल्याला ठेवावा लागतो.

तेव्हा मला सगळं कळलं. तू वहिनींना पुढे पाठवलंस. जे मला दहा वर्षांत दिलं नाहीस ते त्यांना आठ दिवसांत दिलंस, आणि वर मला लिहिलंस की डोंगर कुठे पळत नाहीत. डोंगर पळत नाहीत, माणसं पळतात.

काल वॉर्डात एका आजीच्या हाताला पट्टी बांधताना मी एवढी करकचून बांधली की ती म्हणाली, पोरी, कोणाचा राग काढतेस. मला लाज वाटली. पट्टी सोडून पुन्हा बांधली. पण राग गेला नाही. मला वहिनींचा हेवा वाटतो, तुझाही वाटतो, त्या कातळावर त्या दिवशी बसलेल्या माशीचाही वाटतो. तिला तरी वर जाताना कोणी अडवलं नसेल.

खरं काय ते लिही, नाहीतर उरलेली पत्रं मी आण्णांना परत करते.
दीक्षा


साजगाव
दि. २९ डिसेंबर २०२४

ती. दीक्षाताईंस,
भाग्यश्रीचा सविनय जय भीम. वि. वि.

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. ते फर्स्ट शिफ्टला गेलेत आणि मी मशीनवरचं ब्लाऊजचं काम बाजूला ठेवलं आहे. तुमचं पत्र आल्यापासून ते दोनदा कागद घेऊन बसले आणि दोनदा उठले. ते लिहिणार नाहीत. म्हणून मी लिहिते.

ताई, मी पुढे गेले नाही. तुम्ही फोटो बरोबर वाचलात, अर्थ चुकीचा लावलात. आधी हेच पुढे चढले होते, मी खालून दोर धरला होता. पोपटदादा पुण्याच्या लोकांना घेऊन माथ्यावर, पलीकडच्या बाजूला पाण्याच्या टाक्यांपाशी गेले होते. कातळात ठोकलेल्या तिसऱ्या खिळ्यापर्यंत हे नीट गेले आणि थांबले. मला वाटलं दम खातात. मग पाहिलं तर त्यांचा उजवा पाय मशीन मारताना हलतो तसा थरथरत होता. वरही जाईनात, खालीही येईनात. मग त्यांनी हाक मारली. म्हणाले, दीक्षा, दोर ताण.

माझं नाव नाही घेतलं. खाली मी उभी, हाताला घट्टे मी पाडून घेतलेले, आणि हाक तुम्हाला. दोर मी ताणला. पण खरं सांगते, त्या क्षणी काळजीच्या आधी मला रागच आला. तुम्ही लिहिता तुम्हाला माझा हेवा वाटतो. आमच्या घरात लग्नाचा एक फोटो आहे आणि तुमचे दोघांचे दोरासकट सात. जेवताना भाजी चांगली झाली तरी ह्यांना कुठल्यातरी डोंगरावर दीक्षाने केलेली खिचडी आठवते. तीन वर्षं मी ऐकते आहे. म्हणूनच मी दोर शिकायचा हट्ट धरला. त्यांनी दिला नाही, मी मागून घेतला.

पुढचं थोडक्यात. ह्यांनी स्वतःला खिळ्याला अडकवून घेतलं आणि मला सांगितलं की आता दोर सोडलास तरी चालेल. मी शिडीने वर पळाले, पोपटदादांना बोलावलं. त्यांनी दुसरा दोर वर पक्का बांधून टोकाला कडी लावून खाली सोडला, ह्यांनी तो कमरेला अडकवला. पोपटदादा म्हणाले की मी धरतो, तू बस. मी म्हटलं, मीच धरणार, तुम्ही माझ्यामागे बसा. तो फोटो तेव्हाचा. हसू कुठून येणार?

आता जे सांगू नको असं मला बजावलं आहे ते. ऑगस्टमध्ये तुम्हाला सांगितलं होतं ना की ह्यांची बाईक घसरली? बाईक नाही. कंपनीच्या शेडचा पत्रा बघायला चढले होते, ओल्या शिडीवरून बारा फूट खाली आले. खाली गोण्या होत्या म्हणून निभावलं. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून उंचावर गेले की तळहात घामाने भिजतात. गच्चीवर कपडे वाळत घालायलाही मीच जाते. ढाकच्या आधी एकदा बघू जमतं का, असं म्हणाले, आणि जमलं नाही तर दीक्षासमोर नको. पोपटदादांनी शनिवार की रविवार असं विचारलं होतं. शनिवार ह्यांनी सांगितला. तुमच्या ड्युटीचा तक्ता आमच्या फ्रिजवर चिकटवलेला असतो.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल. पण जे नाही त्याचा हेवा करत बसण्यापेक्षा हे बरं. हार्नेस तुमचाच आहे. मला कमरेला सैल होतो.

लहानांवर ठेवायची ती माया माझ्यावरही थोडी ठेवा.
आपली,
भाग्यश्री


भिसेगाव
दि. २ जानेवारी २०२५

सौ. भाग्यश्री वहिनीस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

आंतरदेशीय पत्रात मावणार नाही म्हणून दवाखान्यातल्या वहीची पानं फाडली आहेत, मागच्या बाजूला कोणाचा तरी ताप लिहिलेला आहे तिकडे लक्ष देऊ नका.

तुमचं पत्र मी ड्युटीवर वाचलं. पहिली गोष्ट मनात आली ती काळजी नव्हती. मनात आलं की दादाने घाबरणं तुम्हाला दाखवलं आणि मला नाही. मघापर्यंत मला वाटत होतं की तुम्ही माझी चढाई घेतलीत. आता कळतंय की त्याहून मोठं काहीतरी तुमच्याकडे आहे, आणि ते तुम्ही घेतलेलंही नाही, त्याने होऊन दिलेलं आहे. त्याचा राग कोणावर काढावा? बाईक घसरली म्हणाला तेव्हा त्याच्या कोपराला मलम मीच लावलं होतं. तो माझ्याकडे न बघता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. मी विचारलंही नाही. मला वाटलं झोंबतंय म्हणून. नर्स म्हणे.

आणि तुम्ही लिहिलंत की त्याने माझ्या नावाने हाक मारली. ते वाक्य मी चारदा वाचलं. तुम्हाला ते लिहिताना किती जड गेलं असेल ते कळलं, तरीही चारदा वाचलं. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही वाचलं असतं, खोटं बोलू नका.

आता ऐका. ढाकचं मोहोळ राहू दे तिथेच. मी पोपटदादांशी बोलले. रविवारी १९ तारखेला सोंडाईच्या त्याच कातळावर मी पुढे चढणार आणि दोर दादा धरणार. पोपटदादा म्हणाले की येडी हाय का काय गं तू, त्याचे हात कापतात. मी म्हटलं, ते वर कापतात, खाली जमीन असते. पण वहिनी, एक काम तुमचं. त्याच्यामागे दोन पावलांवर उभ्या राहा आणि त्याच्या हातामागून येणारं दोराचं शेपूट हातात ठेवा. त्याचा हात सुटला तर तुमचा सुटता कामा नये. हे मी सांगितलं असं त्याला सांगू नका. मागून शिकायचंय म्हणून उभी आहे म्हणा.

हार्नेसचे दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूने ओढले की कमरेला बसतो. त्या दिवशी तुम्हीच घाला, मी क्लबचा घालीन.

आमच्या घरची वाट तुम्हालाही माहीत आहे, ती वापरत जा.
तुमची,
दीक्षा


(पोस्टकार्ड)
भिसेगाव, ६ जानेवारी २०२५

ती. दादास, जय भीम.

रविवार, १९ तारीख, सकाळी सात, सोंडेवाडी. शिडीशेजारच्या कातळावर मी पुढे जाणार आहे. दोर धरायला तू ये. आला नाहीस तर वहिनी धरतील आणि मी तरीही जाणार आहे. ड्युटीचा तक्ता बघू नकोस, रजा मंजूर आहे. शेंगा आता भरल्या असतील, येताना मडकं आण.
दीक्षा


साजगाव
दि. २१ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आण्णांनी आपल्याला ग्रुपवर परत घेतलं आहे, फोनचीही मुभा आहे. तरी आण्णांची आंतरदेशीय पत्रं उरली होती, आणि जे लिहायचं आहे ते फोनवर बोलायला मला जमणार नाही. परवा पोपटी खाताना तू माझ्यासमोर बसली होतीस, तेव्हाही जमलं नाही. मी नुसत्या शेंगा सोलत राहिलो.

आधी खरं ते. ऑगस्टमध्ये मी शिडीवरून पडलो होतो, बाईकवरून नाही. शनिवार मी ठरवला होता. तुझी ड्युटी बघून ठरवला होता. सोंडाईला मी अर्ध्यात अडकलो आणि भाग्यश्रीने मला वर घेतलं. हे तुला आधीच माहीत असणार, तुझ्या पोस्टकार्डावरून मी ओळखलं. कोणी सांगितलं तेही ओळखलं. तिला मी काही बोललो नाही. रविवारी ती माझ्यामागे शेपूट धरून उभी होती तेही मला दिसत होतं. शिकायला उभी आहे म्हणाली. शिकायला उभा राहिलेला माणूस टाचा मातीत रोवून उभा राहत नाही.

का लपवलंस, असं तू मला विचारलं नाहीस, तरी सांगतो. दहा वर्षं तू खालून माझ्याकडे बघत होतीस. तुझ्याइतकं वर मान करून माझ्याकडे कोणी पाहिलेलं नाही, आण्णांनीसुद्धा नाही. ते बघणं मला गमवायचं नव्हतं. भाग्यश्रीसमोर घाबरलो तर ती चहा करून देते. तुझ्यासमोर घाबरलो असतो तर मी कोण उरलो असतो, हे मला समजत नव्हतं.

आता रविवारचं. तू सुरुवात केलीस तेव्हा मला वाटलं होतं मला तुझी काळजी वाटेल. वाटलीही, पहिल्या खिळ्यापर्यंत. माझे तळवे भिजले होते, मी एका वेळी एकच हात पँटला पुसत होतो, तू शिकवलं होतंस तसा. होय, हे तू मला शिकवलंस, मी तुला नाही. मग तू तिसऱ्या खिळ्यापाशी आलीस. तीच जागा. मी वाट बघत होतो, दीक्षा. देवाशपथ म्हणायची आपल्यात पद्धत नाही, पण मनापासून सांगतो, मी वाट बघत होतो की तू थांबशील. थोडंसं. तुझाही पाय हलेल. म्हणजे ती जागाच अवघड आहे असं ठरलं असतं. तू डावा हात वर टाकलास, पाय त्या लहानशा खाचेत ठेवलास आणि निघूनही गेलीस. पोपटदादा ओरडले की शाबास गं पोरी. इल्माने शिट्टी मारली. मी एवढा जळलो की दोर सोडताना हात क्षणभर आखडला, आणि तू वरून ओरडलीस की ढील दे. दिली. पण उशिरा दिली. अर्ध्या सेकंदाचा का होईना, तो उशीर मी केला. तुला कळलाही नसेल. मला कळला. तुझ्या मनगटावरच्या त्या पेनाच्या घड्याळाला मी हसत आलो, आता मला हसायचं तोंड नाही.

मग तू माथ्यावर पोचलीस. हेल्मेट काढलंस, केस कपाळाला चिकटले होते, आणि खाली बघून तू मला हात केलास. दोन्ही हात वर करून केलास. मी केला नाही. करता येईना. तू अजून वर स्वतःला अडकवून घेतलं नव्हतंस, माझे दोन्ही हात दोरावर होते. ते सोडायचे नसतात. मी नुसता वर बघत उभा होतो, तोंड वाकडं करून, मान दुखत होती, आणि तुला खालून कसा दिसत असेन ते मला कळत होतं.

दहा वर्षं, दीक्षा, प्रत्येक माथ्यावरून मी तुला हात केला. तू एकदाही केला नाहीस. मी मनात धरून होतो. भाग्यश्रीलाही एकदा म्हणालो होतो की माझी बहीण जळते माझ्यावर, वर पोचलो तरी कधी हात करत नाही. दहा वर्षांत मला एवढंही सुचलं नाही की तुझ्या हातात काय होतं.

पुन्हा मी पुढे चढेन की नाही ते माहीत नाही. पण ढाकला मोहोळ उठलं की दोर धरायला येईन, ढील वेळेवर देईन.

रागाच्या दिवसांतही तू पत्राचं उत्तर दिलंस, याचंही द्यावंस.
तुझा,
कपिल


भिसेगाव
दि. २५ जानेवारी २०२५

ती. दादास,
सप्रेम जय भीम.

तो उशीर मला कळला होता. दोराच्या वरच्या टोकाला सगळं कळतं, तुलाही दहा वर्षं कळत असणार.

माझ्या हातात दोर असायचा म्हणून मी हात केला नाही, हे खरं आहे. आणि मी जळत होते, हेही खरं आहे. हात मोकळे असते तरी केला नसता. त्या रविवारी तुझे मोकळे असते तर तू केला असतास का, ते मला कळवू नकोस.

तुझी,
दीक्षा